तीन मुंड्या आणि एक घरजावई

गेल्या दिवाळीत मी जुगारात हरलो आणि घरजावई झालो. जुगार सासूबाईंशीच खेळलो होतो, त्यामुळे राहायला कुठे जायचं हा प्रश्न पडला नाही.

लोक विचारतात, तुम्ही शिकलेले, कॉलेजात गणित शिकवता, तुम्ही जुगाराला बसलात कसे? (लोक म्हणजे आमच्या कॉलेजातले इतिहासाचे सर. बाकीचे विचारत नाहीत, नुसते बघतात.) त्यांना मी सांगतो की गणित येत होतं म्हणूनच बसलो. यावर ते मान हलवतात. ती मान कशी हलवतात हे लिहून दाखवता येत नाही, नाहीतर लिहिलं असतं.

आमचं घर म्हणजे तेलंगणातल्या आदिलाबादला लागूनच असलेल्या मावल्यातला फ्लॅट. मी आदिलाबादला ज्युनिअर कॉलेजात, बायको सुनंदा मावल्यातल्याच एका शाळेत, मुलगा हैदराबादला शिकायला. आणि सासूबाई तामसीजवळच्या एका गावात एकट्या. मी त्यांना मामी म्हणतो, आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात. मामाजी, म्हणजे सासरे, जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मामींचा संसार म्हणजे एक म्हैस, अर्धा एकर भाजीचं वावर आणि शेजारचा पोशेट्टी. हा पोशेट्टी बोलतो तेलुगू, चिडला की हिंदी, आणि मामींशी मात्र अस्सल आमची मराठी.

श्रावणात मामी वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरून पडल्या. दोन तास चिखलात बसून होत्या. पोशेट्टी आपला सुटलेला बैल शोधत तिकडे गेला म्हणून सापडल्या. हे आम्हाला त्यांनी सांगितलं नाहीच, पोशेट्टीने सांगितलं, तेही आठ दिवसांनी. त्या दिवसापासून सुनंदाची झोप उडाली. ती दिवसातून चार वेळा फोन करायची आणि मामी चारही वेळा उचलायच्या नाहीत, कारण मामींचा फोन तांदळाच्या कोठीत असतो. बाहेर ठेवला तर त्याची चार्जिंग उडून जाते असं त्यांचं मत आहे. मग सुनंदा पोशेट्टीला फोन करायची, पोशेट्टी वावरात असायचा, मग ती माझ्याकडे अशी बघायची जणू मामींना धुऱ्यावरून मीच ढकललं होतं.

"आई, इकडे ये राहायला," हे आम्ही शंभरदा सांगून झालं होतं. पण मामी लेकीच्या घरी जेवत नाहीत. जेवण सोडा, पाणी पीत नाहीत. जुनी चाल आहे, आता कोणी फारसं पाळत नाही, पण मामी पाळतात. त्या मावल्याला येतात तेव्हा सोबत भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली घेऊन येतात. आमच्या सोफ्यावर बसून स्वतःची भाकरी खातात, आम्हालाही त्यातली अर्धी देतात, आणि चारच्या बसने परत जातात. सुनंदाने रडून पाहिलं, भांडून पाहिलं, दोन महिने बोलणं टाकून पाहिलं. (दोन महिने म्हणजे तिच्या हिशोबाने. माझ्या हिशोबाने ते पाच दिवस होते.)

आता फासे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या सासुरवाडीत जुगार खेळतात. वर्षातून तेवढा एकच दिवस, आणि तोही देवासमोर, समई लावून. त्या दिवशी फासे टाकले नाहीत तर वर्ष आळशी जातं म्हणतात. खेळ झेंडीमुंडीचा. जत्रेत ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक असेल. सहा लाकडी फासे, प्रत्येकाच्या सहा बाजूंवर सहा चित्रं: झेंडी, मुंडी, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. तीच सहा चित्रं एका कापडावर मोठ्या चौकोनांत काढलेली. आमचे फासे मामाजींनी स्वतः बाभळीच्या लाकडाचे कोरले होते आणि कापड म्हणजे त्यांच्याच जुन्या धोतराचा तुकडा. मुंडी काढायला त्यांना जमली नव्हती, ती थोडी वांग्यासारखी दिसते.

खेळायचं असं. डबा ज्याच्या हाती तो मालक. खेळणारा आपली सुपारी एका चित्रावर ठेवतो. (जत्रेत पैसे ठेवतात, आमच्या घरी सुपाऱ्या.) मालक डब्यात सहाही फासे खडखडवतो आणि डबा जमिनीवर उलटा टाकून उचलतो. तुमचं चित्र एकाही फाशावर आलं नाही किंवा एकाच फाशावर आलं, तर सुपारी मालकाची. दोन फाशांवर आलं तर मालक तुम्हाला दुप्पट देतो, तीनवर आलं तर तिप्पट, असं सहापर्यंत. मामाजी गेल्यापासून डबा जावयाकडे, म्हणजे माझ्याकडे आला. गेली तीन वर्षं मीच मालक होतो आणि तिन्ही वर्षं माझ्यासमोर सुपाऱ्यांचा ढीग लागला होता. मी सुपारी खात नाही, पण ढीग बघायला बरं वाटायचं.

शेवटी एक बोलाचा डाव असतो. तो सुपाऱ्यांचा नाही. त्यात खेळणारा आपला शब्द लावतो आणि खूण म्हणून तेवढी एक सुपारी ठेवतो. पाडव्याचा बोल म्हणजे बोल, तो फिरवता येत नाही. मामी दर दिवाळीला एक जुनी गोष्ट सांगतात. लग्नानंतरच्या तिसऱ्या पाडव्याला मामाजी मालक होते. मामींनी बदामावर बोल लावला, हरले तर आठ दिवस तोंड उघडणार नाही. बदाम दोन आले. मग मामाजींना सोळा दिवस मुकं राहावं लागलं. गावाला वाटलं त्यांची वाचाच गेली, कोणी तरी वैदूही बोलावला. ही गोष्ट मी वीस वर्षं ऐकत होतो आणि वीस वर्षं पोट धरून हसत होतो. गणिताच्या माणसाने हसण्याऐवजी ती नीट ऐकायला हवी होती.

धनत्रयोदशीला मी सुनंदासमोर जुन्या कॅलेंडरच्या मागे गणित मांडलं. ठरवलेलं चित्र सहापैकी दोन किंवा जास्त फाशांवर येण्याची शक्यता काढली. शंभर डावांत चौऱ्याहत्तर डाव मालकाचे. मी म्हटलं, "मामींना बोलाचा डाव लावायला लावू. हरल्या तर एक महिना मावल्याला राहायचं. पाडव्याचा बोल असला की जेवण्याखाण्याची चाल आपोआप बाजूला पडते. एक महिना राहिल्या की सवय होईल."

सुनंदाने आकडे पाहिले. तिला आकड्यांत रस नाही, तिचा विषय तेलुगू आहे. "अन् हरलो त?"

"हरलो तर काय? आहे तसंच. त्या तिकडे, आपण इकडे."

हे वाक्य मी बोललो. साक्षीदार आहे. नंतरच्या तीन महिन्यांत ते मला किती वेळा ऐकवण्यात आलं, त्याचा मात्र कुणी आकडा ठेवलेला नाही.

पाडव्याला दुपारी आम्ही गावी पोचलो. मला तेव्हा दोन-तीन गोष्टी दिसल्या होत्या, पण माझं सगळं लक्ष शंभरात चौऱ्याहत्तरमध्ये होतं. गोठा रिकामा होता. म्हैस कुठे, विचारलं तर मामी म्हणाल्या, "पोशेट्टीकडं हाय. तिले जरा हवा बदलाले धाडली." वावरात दरवर्षी या दिवसांत मेथी वितभर आलेली असते, यंदा नुसती काळी माती. आणि मामींच्या खाटेखाली पत्र्याची पेटी होती, कुलूप लावलेली. मी म्हटलं, फराळाचं ठेवलं असेल.

ओवाळणं झालं, समई लागली, कापड पसरलं. पोशेट्टी दरवर्षीप्रमाणे साक्षीला येऊन बसला. (तो साक्षीला येतो आणि करंज्यांना थांबतो.) सुपाऱ्यांचे आठ-दहा डाव झाले. मामी नेहमीप्रमाणे बदामावर लावत होत्या, मी नेहमीप्रमाणे जिंकत होतो. मग मी घसा खाकरला आणि बोलाचं काढलं. एक महिना, मावल्याला, आमच्या घरी, आमचं जेवण.

मला वाटलं होतं चिडतील. चिडल्या नाहीत. समईची वात पुढे सारली. मग म्हणाल्या, "बोल देल्ला त फिरवता येत नाही बरं, जवाईबापू. तुमालेबी नाही अन् मलेबी नाही."

मी म्हटलं, अर्थातच. मी त्यांना नियम सांगायला निघालो होतो आणि त्या मलाच सांगत होत्या, याची मला गंमत वाटली.

मामींनी सुपारी कपाळाला लावली. हात बदामाकडे गेला, थांबला, आणि सुपारी त्यांनी मुंडीवर ठेवली. वीस वर्षांत मी त्यांना बोलाचा डाव बदाम सोडून दुसरीकडे लावताना पाहिलं नव्हतं. पण सगळी चित्रं सारखी, गणिताला फरक पडत नाही. मी डबा घेतला आणि असा खडखडवला की पोशेट्टीने करंजी खाली ठेवली. उलटा टाकला. उचलला.

किलवर. झेंडी. मुंडी. एक मुंडी मालकाची, मी निश्चिंत होतो. चौकट. मुंडी. दोन झाल्या. आणि सहावा फासा समईच्या बुडाला टेकून तिरका उभा राहिला होता, धड इकडे नाही, धड तिकडे नाही. अशा फाशाला मालकाने बोटाने टिचकी मारायची असा नियम आहे. मी मारली. माझ्या स्वतःच्या बोटाने मारली. तिसरी मुंडी.

पोशेट्टी म्हणाला, "अयिपोयिंदी, सारू." म्हणजे संपलं, सर.

मी खिलाडूपणे हसलो. म्हटलं, ठीक आहे मामी, जिंकलात, राहा इथंच. आणि कापडाची घडी घालायला लागलो.

"थांबा," मामी म्हणाल्या. "मी महिना लावला होता. मुंड्या किती आल्या?"

"तीन."

"मंग तीन महिने. मी तुमच्या घरी एक राहनार होती, तुमी माह्या घरी तीन राहा."

मला एकदम मामाजी आठवले, सोळा दिवस मुके बसलेले, आणि समोर वैदू. मालक हरला तर जे लावलं तेच त्याने द्यायचं असतं, आणि पटीत द्यायचं असतं! मी जिंकण्याची शक्यता दशांशापर्यंत काढली होती. हरलो तर काय द्यायचं, तिकडे मी पाहिलंच नव्हतं.

मी कॉलेजचं कारण सांगितलं. मामी म्हणाल्या, सकाळी बस आहे. मी घरजावई होणं बरं दिसत नाही म्हटलं. मामी म्हणाल्या, मलेबी बरं दिसत नाही, पन बोल हाय. मग मी म्हटलं, अजून एक डाव होऊन जाऊ द्या. (हरलेला प्रत्येक जुगारी हेच वाक्य म्हणतो, असं मी दरवर्षी वर्गात सांगतो.) बोलाचा डाव वर्षातून एकदाच, असं तिघांनी मला एका सुरात सांगितलं. तिघांत माझी बायकोही होती. ती तोंडाला पदर लावून बसली होती. मला वाटलं रडते आहे, म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर खांदे हसण्याने हलत होते. मग पदर काढून ती शहाण्यासारखं म्हणाली, "स्वेटर दोन देते. इकडं थंडी लय राह्यते."

एक गोष्ट तेवढी मला खटकली. मामी खूश दिसत नव्हत्या. जिंकलेल्या माणसाचं तोंड इतकं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी समजलो, त्यांना माझी दया आली.

दुसऱ्या दिवशी म्हैस परत आली. मामींनी ती दावणीला अशी आदळआपट करत बांधली की म्हशीनेही माझ्याकडे पाहिलं. वावरात मेथी टाकली गेली. पेटी खाटेखालीच राहिली, कुलूप तसंच. मी काही विचारलं नाही. हरलेला माणूस कशाची चौकशी करणार?

पहिले आठ दिवस झकास गेले. पुरण झालं, वडे झाले, आंघोळीला कढत पाणी, बसायला खाट, वर पोशेट्टी रोज संध्याकाळी जावयाची विचारपूस करायला हजर. नवव्या दिवशी पहाटे मामींनी माझ्या उशाशी फावडं आणून ठेवलं. मी डोळे चोळत बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "जवाई आठ दिवस जवाई राह्यते. मंग तो घरचा मानूस होते. मेथीले पानी द्या."

आदिलाबादच्या थंडीत सकाळी सहाला मेथीच्या वाफ्यात अनवाणी उभं राहणं काय असतं, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं. मी वळवायचो तेव्हा ते तिसऱ्याच वाफ्यात जायचं. मामी धुऱ्यावरून (त्याच धुऱ्यावरून!) ओरडायच्या. मग धावत आंघोळ, धावत बस, आणि वर्गात फळ्यावर लिहिताना नखांत चिखल. महिन्याभराने मेथी आली, तर मामींनी तिच्या जुड्या बांधून पोतं माझ्या खांद्यावर दिलं. आदिलाबादलाच जाता ना, जाताजाता बाजारात देऊन द्या. म्हणजे मी सकाळी सातच्या बसमध्ये एका हातात वह्या आणि दुसऱ्या हातात मेथीचं पोतं घेऊन उभा, आणि अर्ध्या बसमध्ये माझेच विद्यार्थी.

गावातून बातमी कॉलेजात पोचायला बस पुरेशी असते. "सर जुगारात हरले, बायकोनं घराबाहेर काढलं, सासूच्या वावरात राबून फेडत आहेत." मी हे खोडून काढायला गेलो आणि लक्षात आलं की बायकोचा भाग सोडला तर सगळं खरंच आहे. त्यातच अभ्यासक्रमात संभाव्यतेचा धडा आला. फासा टाकला असता सम संख्या येण्याची संभाव्यता काढा, एवढं मी फळ्यावर लिहिलं, तर मागच्या बाकावरून एकाने अतिशय आदराने विचारलं, "सर, अन् मुंडी येण्याची?"

सुनंदा रविवारी यायची. तिची झोप परत आली होती, चेहऱ्यावर तजेला आला होता. मी आईजवळ असल्यामुळे आला, की मी घरी नसल्यामुळे, हे मी विचारलं नाही. तिचे चार फोन आता मला येत होते. आईने गोळी घेतली का, आई एकटी वावरात गेली का, आईचा आवाज बारीक का वाटतो. मी पहिल्या रिंगला उचलायचो. दुसऱ्या रिंगला उचलला तर पोशेट्टीकडे चौकशी जायची.

दुसऱ्या महिन्यात मला संशय आला. सहापैकी तीन मुंड्या येण्याची शक्यता शंभरात जेमतेम पाच. ते फासे मामाजींनी हाताने कोरलेले, एखादी बाजू जड असणार! खोटे फासे ठरले तर बोल रद्द होतो, असं मीच ठरवलं. मग रोज जेवणाआधी मी ओट्यावर बसून डबा खडखडवायचो, उलटा टाकायचो, किती मुंड्या आल्या ते वहीत लिहायचो. मला हे शास्त्रीय काम वाटत होतं. गावाला दिसत होता तो एक प्राध्यापक, स्वेटर घालून, ओट्यावर एकटाच झेंडीमुंडी खेळणारा. पोशेट्टी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला की सारू, ही सवय वाईट, लेकराच्या शिक्षणाचा विचार करा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मामी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "एकटेच कोनासंगं हरून राह्यले?"

पाचशे वेळा डबा टाकला. तीन हजार फासे. फासे खरे असतील तर मुंडी पाचशेच्या आसपास यायला हवी. आली चारशे अठ्ठ्याण्णव. वही मिटली. मामाजींच्या हाताने कोरलेल्या त्या वांग्यासारख्या मुंडीत कणभरही खोट नव्हती. मी निव्वळ हरलो होतो.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी मी बॅग भरली. खरं सांगायचं तर सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. मेथीचं पाणी मला वळवता यायला लागलं होतं. आणि या बाईला एकटं टाकून जायचं, ते मला आत कुठेतरी डाचत होतं. मामी खाटेवर बसल्या होत्या. निघताना काहीतरी बोलायचं म्हणून मी वही दाखवली आणि फासे खरे आहेत असं कबूल केलं.

"खरेच राह्यतीन ना," मामी म्हणाल्या. "तुमच्या मामाजीच्या हातचे हायेत. पन चाळीस वर्सात मुंडीनं मले एकदाबी देल्लं नाही. म्हनून त मुंडीवर लावली."

"म्हणून म्हणजे?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात काही मुलांकडे मी तसं पाहतो. मग त्यांनी वाकून खाटेखालची पेटी ओढली, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. आत दोन लुगडी, एक शाल, गोळ्यांची पिशवी, त्यांचं जेवायचं ताट, पेला, आणि मामाजींचा फोटो कापडात गुंडाळलेला. सगळं घडी घालून, दिवाळीपासून तसंच.

"मी काय जिंकाले बसली होती काय?" त्या म्हणाल्या. "म्हैस पोशेट्टीले देऊन ठेवली. मेथी टाकली नाही. पेटी भरून ठेवली. तुमाले इतकं दिसलं नाही? श्रावनात पडली तवापासून मले भेव वाटते, बापू. रोज वाटते, आज पडली त कोनाले समजन? पन लेकीच्या घरी आपल्या पायानं जाऊन कशी बसू? बोलात हरली म्हनून गेली असती त कोनी नाव ठेवलं नसतं. तुमी डावाचं काढलं तवा मले वाटलं, देवच पावला. अन् तुमाले एका म्हाताऱ्या बाईले हरवता नाही आलं!"

तीन महिने त्या माझ्यावर का खेकसत होत्या, ते आता कळलं. मला वाटत होतं मी त्यांच्यावर वैतागलोय. त्या माझ्यावर वैतागल्या होत्या, आणि त्यांचा वैताग खरा होता. मला फार लाज वाटली. मग मी म्हटलं, मामी, आताच चला. त्या म्हणाल्या, कशी येऊ? बोल कुठाय? पाडवा अजून नऊ महिने दूर.

मग मामींनीच डोकं चालवलं. "तुमी तीन महिने माह्या घरी जेवले?"

जेवलो, म्हटलं.

"मंग मी तीन महिने तुमच्या घरी जेवली, त ते लेकीचं खाल्लं असं होत नाही. माह्यंच वापस घेतलं असं होते."

यात गणिताची चूक होती की नाही हे मी तपासायला गेलो नाही. म्हैस पुन्हा पोशेट्टीकडे गेली. पोशेट्टीने मला हात जोडून सांगितलं की सारू, आता खेळू नका. बसमध्ये पेटी मी धरली आणि मेथीची शेवटची पिशवी मामींनी. मावल्याला सुनंदाने दार उघडलं, पेटी पाहिली, आणि या वेळी पदर तोंडाला लावला तो खरंच रडायला. मामींनी आमच्या घरचा पहिला चहा घेतला. साखर कमी आहे म्हणाल्या.

तर असं झालं. तीन महिने चैत्रात संपले. मामी पेटी भरून उभ्या राहिल्या, आता तुमी चला, तिकडं जेवा, मंग मी येते. गेलो. वैशाखातल्या उन्हात भेंडीला पाणी दिलं, परत त्यांना घेऊन आलो. एक महिना तिकडे, एक महिना इकडे. म्हणजे बायकोच्या आईला घरी आणण्यासाठी मी घरजावई व्हायचं, आणि बाराही महिने मी आणि सासूबाई एकाच छताखाली. यावर उपाय एकच, येत्या पाडव्याला त्यांना बोलाच्या डावात हरवायचं. त्या या वेळी महिना नाही, सगळी वर्षंच लावणार आहेत, आणि मुंडीवरच लावणार आहेत. मला त्यांनी स्पष्ट बजावलंय, नीट डबा हलवा, टिचकी जपून मारा. हरायला बसलेल्या बाईला हरवता आलं नाही, असा मालक जिल्ह्यात माझ्याशिवाय दुसरा नसेल. पण यंदा मी पुन्हा गणित मांडून पाहिलंय. शंभरात चौऱ्याहत्तर डाव माझे आहेत.

सुनंदाने दोन्ही स्वेटर धुऊन ठेवलेत.